घरी फोन लावा

नोकरीभर मी लोकांना 'ई' म्हणायला लावलं. जीभ बाहेर काढायची, डॉक्टर ती गॉजच्या तुकड्यात धरून ठेवणार, तोंडातून घशापर्यंत कॅमेऱ्याची लांब दांडी जाणार, आणि अशा अवघडलेल्या स्थितीत समोरच्याने लांबलचक 'ई' म्हणायचं. मोठमोठ्या बाबूंनी म्हटलं, रिक्षावाल्यांनी म्हटलं, प्रवचनं करणाऱ्या एका महाराजांनीही म्हटलं. हनुवटीवरून लाळ ओघळत असताना कोणाचाच रुबाब टिकत नाही. महाराज जाता जाता हळूच म्हणाले, "बेटी, ये बात भक्तों तक न पहुँचे." नाव सांगत नाहीये, म्हणजे शब्द पाळलाच म्हणायचा.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "तुमच्या नोकरीवर लिहा की. तुमचं ते घशाचं काहीतरी होतं ना?" इतक्या वर्षांची ओळख, दर गणपतीत शेजारी उभं राहून आरत्या म्हणतो, तरी 'घशाचं काहीतरी'! पण त्यांना तरी काय बोलणार? माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की सून इस्पितळात गाणं शिकवते. शेजारणींना तसं सांगायच्याही. मी कधी दुरुस्त केलं नाही, कारण खरं काम समजावून सांगायचं तर अर्धा तास लागायचा.

आता जागा मिळालीच आहे तर सांगते. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन आम्ही पुण्याहून दिल्लीला आलो आणि मला इथल्या एका सरकारी इस्पितळात, कान-नाक-घसा विभागाच्या व्हॉइस लॅबमध्ये काम मिळालं. ज्यांचा आवाज बसला, फाटला, गेला किंवा नको तसा झाला, ते आमच्याकडे यायचे. घशात काय बिघडलंय ते डॉक्टर पाहायचे. आवाज निघताना तिथे कंपन कसं होतंय ते मी मोजायची, आणि मग बोलण्याची सवय बदलून जेवढा सुधारेल तेवढा सुधारायची.

'स्वरतंतू' या शब्दामुळे लोकांना वाटतं, घशात सतारीच्या तारा ताणून बसवल्यात. तसं काही नसतं. मऊ मांसाच्या दोन घड्या असतात, ओठांसारख्या. खालून हवा आली की त्या एकमेकींवर आपटतात आणि सुटतात, पुरुषाच्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, पांढरट धूसर काहीतरी दिसतं. मग पाहायचं कसं? जुन्या ट्यूबलाइटखाली चालू पंखा कधी कधी संथ, उलटाच फिरल्यासारखा वाटतो ना, तीच युक्ती. गळ्याला लावलेला माइक कंपनाचा वेग ओळखतो आणि कॅमेऱ्याचा दिवा त्या वेगाच्या किंचित मागेपुढे लुकलुकतो. मग त्या घड्या अगदी सावकाश उघडताना-मिटताना दिसू लागतात, कडांवरून लाट जाताना दिसते. याचं नाव स्ट्रोबोस्कोपी. शिकत असताना आम्ही मुली एकमेकींचे घसे पाहायचो. पडद्यावर स्वतःचा घसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला चक्क रडू आलं. इतकं देखणं काहीतरी आपल्या आत चाललेलं असतं आणि आपण त्यातून कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतो, असं वाटलं.

पण या तपासणीत एक अडचण होती. 'ई' म्हटलं की जिभेचं मूळ पुढे सरकतं आणि घसा मोकळा दिसतो, म्हणून 'ई'. मात्र घराबाहेर 'ई' म्हणत कोणी जगत नाही. हे मला शिकवलं करोल बागेतल्या पप्पूजींनी.

पप्पूजी लेहंग्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून दिवसभर गिऱ्हाईक बोलवायचे. संध्याकाळपर्यंत आवाज फाटायचा आणि लग्नसराईत तर पार जायचा. आमच्या लॅबमध्ये मात्र त्यांचा 'ई' कसा? देवळातल्या घंटेसारखा. कडांना थोडी सूज, बाकी सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, फार काही नाही. त्या दिवशी पप्पूजींच्या गळ्यात मी दुसऱ्या यंत्राची पट्टी बांधली होती. या पट्टीला नाण्याएवढ्या दोन चकत्या असतात, कंठमण्याच्या दोन बाजूंना एकेक. त्यातून न जाणवणारा, अगदी बारीक प्रवाह जातो. आतल्या घड्या एकमेकींना टेकल्या की तो सहज जातो, सुटल्या की अडतो, आणि त्याची रेघ पडद्यावर वरखाली होत राहते. तोंडात काही घालायचं नाही, जीभ धरायची नाही, माणूस वाटेल ते बोलू शकतो. नाव लांबलचक आहे, आम्ही 'ईजीजी' म्हणायचो. लोकांना तो ईसीजीचा धाकटा भाऊ वाटायचा.

तर पट्टी गळ्यात असतानाच पप्पूजींचा फोन वाजला. दुकानातून होता. "अरे तूने पिंक वाला दे दिया? पिंक वाला?" असे ते गरजले की माझ्या टेबलावरचा चहा हलला. पडद्यावर तर नुसता हैदोस चालला होता. घड्या एकमेकींवर थोबाडीत मारल्यासारख्या आपटत होत्या. फोन ठेवून पप्पूजी पुन्हा गोड आवाजात म्हणाले, "हाँ जी मैडम, ई बोलूँ?"

त्या दिवसापासून मी माझी एक रीत पाडली. तपासणी संपत आली की पट्टी गळ्यात तशीच ठेवायची आणि सांगायचं, "घरी फोन लावा." काय बोलता ते मी ऐकत नाही, नुसती रेघ बघते, असं आधीच सांगून परवानगी घ्यायची. खरं सांगायचं तर कान काही बंद करता येत नाहीत. खोलीत डरकाळ्या फोडणारे एक अंडर सेक्रेटरी बायकोशी बोलताना मांजर झाले. पहाडगंजात राहणाऱ्या एका मराठी शिक्षिकेच्या घड्यांवर चप्पल चावून पडतात तसे घट्टे पडले होते. मी सगळा दोष वर्गाला देत होते. फोन लावल्यावर कळलं की घरी ऐकू न येणारे सासरे आहेत आणि बाई त्यांच्याशी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा पट्टीत बोलतात. लॅबमधली तरुण मंडळी हसायची. "मैडम, ये प्रोटोकॉल में नहीं है." मी म्हणायची, "प्रोटोकॉल को बोलो, वो भी कभी घर फोन लगाए." मला माझ्या या रीतीचा फार अभिमान होता. अजूनही आहे, पण अमोल येऊन गेल्यापासून जरा जपून.

अमोल हे त्याचं खरं नाव नाही. मी रिटायर होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटीच्या कामावर होता. पंचविशीचा, उंच, खांद्याने रुंद, दाढी राखलेला. खिडकीवरच्या क्लार्कने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, आणि क्लार्क त्याच्या मागे कोण बाई उभी आहे ते वाकून बघू लागला. अमोलचा आवाज दहा-बारा वर्षांच्या मुलीसारखा होता.

माझ्या दारावरची पाटी वाचून तो आत आला. "मॅडम, तुम्ही मराठी?" मी हो म्हटल्यावर त्याने खुर्चीत बसून मोठा श्वास सोडला. परक्या भाषेत आपलं दुखणं सांगायचं म्हणजे अर्धं अंग आखडून बसावं लागतं. मराठीत तो भडाभडा बोलला. परभणीकडचा. डिप्लोमा करून इकडे नोकरीला लागलेला. बँकेत फोन केला की पलीकडून म्हणतात, 'मैडम, अकाउंट होल्डर को फोन दीजिए.' कारखान्यात शिफ्ट सुरू होताना लाइनवर उभं राहून सगळ्यांना चार सूचना द्यायच्या असतात. हा रात्री तक्ते करून ठेवायचा आणि बोलायला दुसऱ्याला उभं करायचा.

"साहेब म्हणतात, तुला लाइन इन-चार्ज करतो, पण बोलावं लागेल," तो म्हणाला. "आणि घरी आईने लग्नाचं काढलंय. दोन ठिकाणी बघायला गेलो. मी तोंड उघडलं की त्या लोकांचे चेहरे..."

आम्ही त्याला 'ई' म्हणायला लावलं. डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, "भाई, सामान तो पूरे मर्द का है!" आमचे डॉक्टर असे तोंडाळ, पण चूक बोलले नव्हते. घड्या पूर्ण वाढ झालेल्या पुरुषाच्या होत्या, लांब आणि जाड. फक्त त्या ओढून इतक्या ताणून धरलेल्या होत्या की नुसत्या पातळ कडा एकमेकींना टेकत होत्या. पट्टीच्या रेघेतही तेच. भरगच्च लाटा हव्यात तिथे बारीक, गोल गोल, भित्र्या लाटा.

मुलगा वयात आला की कंठमणी वाढतो, आवाज फुटतो आणि खाली उतरतो. काहींचा कंठ वाढतो पण आवाज वरच अडकून राहतो. यात बहुतेक वेळा कापाकापी लागत नाही. खोकायला लावायचं, कंठमणी बोटांनी अलगद खाली दाबायचा, आणि खोकल्याच्या शेपटीला 'आ' जोडायला सांगायचा. खोकला कधी बायकी नसतो, तो खऱ्या जागेवरूनच येतो. अमोल खोकला, मी दाबलं, आणि खोलीत एक घोगरा, खोल, खर्जातला 'आ' आला. अमोल दचकून खुर्चीतून अर्धा उठला. पांढराफटक पडला होता. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून पुष्कळ जण दचकतात, म्हणून मी हसले आणि म्हटलं, "अरे, तूच आहेस!"

पुढच्या काही आठवड्यांत त्याने मन लावून मेहनत केली. सुट्टीच्या दिवशी मानेसरहून आधी शेअर ऑटो, मग मेट्रो असा यायचा. हळूहळू तो खालचा आवाज खोलीत टिकायला लागला. आवाज पण असा की काय सांगू! रुंद, भरदार, नुसतं 'नमस्कार मॅडम' म्हटलं तरी खोली भरून जायची. पडद्यावरच्या लाटा उंच, रुंद झाल्या. डॉक्टरांनी कागदावर 'उत्तम' लिहिलं. रेकॉर्डिंग करून फाइल बंद करायची तेवढी राहिली होती. मी सवयीने म्हटलं, "घरी फोन लाव."

"घरी नको, मॅडम. रूममेटला लावतो," तो म्हणाला.

लावला. रूममेट हरियाणाचा. "कौन बोल रहा है भाई? अमोल का फोन तेरे पास कैसे आया?" असं तो विचारत राहिला. आम्ही दोघं खूप हसलो. लाटा जागच्या हलल्या नाहीत. मी रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढे केला आणि त्याचाच फोन वाजला. समोर 'आई' असं नाव आलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'घे' म्हटलं.

त्याने फोन कानाला लावला आणि पट्टीखालचा त्याचा कंठमणी वर सरकताना मला दिसला. पलीकडून त्याच्या आईचा प्रश्न स्पष्ट ऐकू आला, "जेवलास का?" आणि अमोल त्या बारीक, मुलीच्या आवाजात म्हणाला, "हो आई, जेवलो."

पडद्यावर पुन्हा भित्र्या लाटा.

नव्या आवाजावरून पाय घसरलेले पेशंट मी खूप पाहिले होते. घसरताना आवाज अडखळतो, मध्येच चिरकतो, रेघ वाकडीतिकडी होते. इथे तसं काहीच झालं नव्हतं. बटण दाबून दिवा बदलावा इतकं ते साफ होतं. त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अमोल, हा खालचा आवाज तुला आधीही येत होता का रे?"

त्याने पट्टीचा बंद काढला. मग त्याने सांगितलं, आणि सांगताना खालच्याच आवाजात सांगितलं.

त्याचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलाव पुकारायचे. गावात त्यांच्या आवाजाची ख्याती होती. अमोल दहावीत असताना ते एका दुपारी छातीत कळ येऊन गेले. त्यानंतर काही महिन्यांनी, आवाज फुटायच्या दिवसांत, अमोल एकदा शाळेतून आला आणि दारातूनच त्याने हाक मारली, "अगं, पाणी आण." वडील बाहेरून आले की असंच म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दारात मुलाला उभं पाहिलं, आणि उंबऱ्यातच कोसळली. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. आत्या सोबतीला आलेली होती. तिने अमोलला बाजूला घेऊन सांगितलं, "हुबेहूब त्यांचाच आवाज आलाय तुला. तिच्यासमोर जरा बारीक बोलत जा, बाळा."

"मग मी बारीक बोलायला लागलो," अमोल म्हणाला. "आधी फक्त आईसमोर. मग शाळेतही तसंच व्हायला लागलं. नंतर तर दुसरा आवाज येतच नव्हता, मॅडम. आईला वाटतं माझ्या घशात दोष आहे. माझ्या आवाजासाठी ती दर सोमवारी उपास करते. मला डॉक्टरकडे नेलं, देवऋषाकडे नेलं, दर्ग्यावर चादर चढवली. तिला कसं सांगू? त्या दिवशी तुम्ही दाबल्यावर तो पहिला 'आ' आला ना, मला वाटलं बाबाच मागे उभे आहेत."

आणि मी हसले होते. 'अरे, तूच आहेस' म्हणाले होते. अशा आवाजामागे मनाची कारणं असू शकतात, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा स्लाइड दाखवून शिकवलं होतं. ते कारण असं समोर बसून, दाढीवर ओघळलेलं पाणी पुसत बोलेल असं काही वाटलं नव्हतं.

"मॅडम, दोन आवाज ठेवले तर चालतील का?" त्याने विचारलं. "इथे हा, आईला तो."

चालले असते का? घशाला फार मोठा धोका नव्हता. पण लग्न झाल्यावर हा बायकोशी एका आवाजात आणि त्याच खोलीत आईशी दुसऱ्या आवाजात बोलणार होता का? आणि त्याची आई जन्मभर सोमवार करत राहणार होती, ते वेगळंच. मी हे सगळं त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "फोनवर करून बघतो."

पुढच्या खेपेला आला तो खांदे पाडून. त्याने मानेसरहून फोन लावला होता आणि खालच्या आवाजात नुसतं 'आई' म्हटलं होतं. मग आई म्हणाली होती, "कोण बोलतंय?" अमोल म्हणाला, "मॅडम, ते ज्या आवाजात विचारलं ना तिने, मला पुढे बोलवेना. मी लगेच बारीक आवाजात म्हटलं, सर्दी झालीय गं. माझ्याच्याने नाही होणार हे."

माझी 'घरी फोन लावा' ही लाडकी रीत पहिल्यांदाच मला नडली होती. घरी येऊन विचार करत बसले तेव्हा चूक कळली. फोनवर माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. त्या माउलीला फोनवर ऐकू आला तो तिचा गेलेला नवरा. अमोल तिला दिसलाच नव्हता. उंबऱ्यातही तेच झालं होतं, आवाज आधी आला आणि मुलगा नंतर दिसला. मी अमोलला फोन करून म्हटलं, "आईला इथे घेऊन ये. तू समोर बसायचं, तिला नीट दिसू दे, मग तोंड उघडायचं."

दिवाळीच्या सुमारास त्या आल्या. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून माझ्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा निघाला. मायलेक सकाळी खोलीवर धपाटे खाऊन निघाले होते आणि त्यातले दोन माझ्यासाठीही बांधून आणले होते. यंत्रांकडे बघून त्यांनी विचारलं, "करंट बसतो का हो म्याडम?" मी म्हटलं, तुम्हीच बघा, आणि पट्टी त्यांच्या गळ्याला लावली. काहीतरी बोला म्हटलं तर म्हणाल्या, "काय बोलू? माझ्या लेकराचा आवाज सुदरू द्या, येवढंच बोलते." पडद्यावर त्यांची रेघ उठली. ही तुमच्या आवाजाची लाट, असं सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून लाजल्या.

मग पट्टी अमोलच्या गळ्यात बांधली. त्याला मी त्यांच्या अगदी समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. आदल्या रात्रभर मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, रोगाचं नाव, समजावणी, सगळं. पण ते माझ्या तोंडून निघायला नको असं आयत्या वेळी वाटलं. मी गप्प बसले. अमोलने आईकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "आई."

मी पडद्याकडे बघितलं नाही. नोकरीत तेवढं एकदाच. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे मुलाच्या तोंडावर, तिथून कपाळावर, दाढीवर, पुन्हा तोंडावर. त्या पडल्या तर धरायला म्हणून मी अर्धी उठून उभी होते.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

"आई," तो म्हणाला, आणि पुढे काय बोलावं ते बिचाऱ्याला सुचेना. "आई, चहा घेतेस का?"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवाज त्यायचाच हाय, म्याडम. पर त्यायनं जलमात कधी मला चहा इचारला न्हाई."

आम्ही तिघंही हसलो. अमोल हसता हसता रडायला लागला आणि मग त्याने आईला सगळं सांगितलं, ती हाक, तो उंबरा, आत्याचं बोलणं. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी तुझ्या आवाजानं पडले न्हाई रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं ते आले. अन् दारात येऊन बघते तर ते आले नव्हते, म्हून पडले. येड्या, तू बोलत राह्यला असता तर इतकी वर्सं मला त्यायचा आवाज रोज कानावर पडला असता की."

मला त्या आत्याचाही राग येईना. तिने तिच्या परीने वहिनीला सांभाळलं होतं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांच्यातली व्यवहारी बाई जागी झाली. "पर म्याडम, हा ऱ्हाणार हिकडं अन् मी तिकडं. रोजचं बोलणं फोनवर. तिथं हा दिसत न्हाई. पुन्हा मला तसंच झालं तर?"

मी अमोलच्या गळ्यातली पट्टी सोडली आणि म्हटलं, "बाहेर जा. घरी फोन लाव."

तो कॉरिडॉरमध्ये गेला. दार लोटलेलं होतं. त्यांच्या पिशवीत फोन वाजायला लागला. त्यांनी तो काढला, पण लगेच उचलला नाही. आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. तो काय बोलत होता ते मला कळत नव्हतं, दाराच्या फटीतून नुसता त्याचा भरदार, खालचा सूर येत होता. त्या ऐकत होत्या.

"व्हय, अमोल," त्या म्हणाल्या. "बोल. जेवलास का?"